गळकी फटफटी आणि गव्हाणचे रविवार

त्या हिवाळ्यात आई सकाळी उठली की चूल पेटवण्याआधी अंगणातली फरशी बघायला जायची. अण्णांची फटफटी जिथे उभी असे तिथे, डाव्या अंगाला, रोज तळहाताएवढा काळा डाग पडलेला असायचा. आई राख आणि धुण्याचा सोडा घेऊन उकिडवी बसायची, नारळाच्या काथ्याने तो डाग घासायची, आणि घासताना एक शब्द बोलायची नाही. आई एरवी बडबडत काम करणारी. पोळ्या लाटताना पोळपाटाशी बोलायची, दूध उतू गेलं तर दुधाला रागवायची. तीच बाई तेलाचा डाग गप्प बसून घासते म्हणजे तिच्या मनात दुसरंच काही चाललंय, हे मला त्या वयातही कळत होतं.

आम्ही पनवेलला तळ्याच्या अलीकडच्या गल्लीत राहायचो. दोन खोल्या, पडवी आणि ते फरशीचं अंगण. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, गणितात आणि इंग्रजीत गचके खाऊन घरी बसले होते. पुन्हा परीक्षेला बसायचं होतं, पण अभ्यासापेक्षा घरात कोण कुणाशी काय बोलतं इकडे माझं लक्ष जास्त. आणि पडवीत बाजेवर तात्या. तात्या अण्णांचे चुलते. अण्णांचे वडील तरुणपणी गेले, आई खाडीत बुडून गेली, आणि चार वर्षांच्या पोराला या चुलत्याने स्वतः लग्न न करता वाढवलं, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. तात्यांना दात नव्हते. दिवसभर लहानशा खलबत्त्यात सुपारी कुटत बसायचे. तो टणटण आवाज चालू असला की घर ठीक आहे, आणि थांबला की तात्या कान देऊन ऐकतायत, असं समजायचं. तात्यांना न कळता आमच्या घरात काही होत नसे. निदान आम्हाला तसं वाटायचं.

फटफटी इंग्रजी होती, अण्णांहून थोडीच लहान. गावातले एक म्हातारे डॉक्टर मुलाकडे राहायला गेले तेव्हा जाताना अण्णांना देऊन गेले. काळी टाकी, तिच्यावर सोनेरी रेघ, आणि चालू झाली की शेजारच्या मांडणीतली भांडी वाजायची. आता तसल्या गाड्या लोक काचेसारख्या पुसून प्रदर्शनात ठेवतात. आमची रोज चिखलातून जायची आणि रोज गळायची. गिअरबॉक्समधून जो दांडा बाहेर येतो, त्यावर पुढचं दातेरी चाक बसलेलं असतं, त्याला मेकॅनिक लोक स्पॉकेट म्हणतात. त्याच्यावरून साखळी मागच्या चाकाला जाते. गळती तिथेच होती. स्पॉकेटच्या मागून तेल यायचं, साखळीवर चढायचं, चाकावर उडायचं आणि उरलेलं आमच्या फरशीवर.

या गळतीसाठी अण्णा दर रविवारी सकाळी नऊला गव्हाणला जायचे. उरणच्या रस्त्याला गव्हाण, तिथे हसूराम नावाचा एक मेकॅनिक होता, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. "जुन्या इंजिनातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही," असं अण्णा सांगायचे. नऊला गेलेले अडीचला यायचे. सोमवारी सकाळी फरशीवर पुन्हा डाग.

"पनवेलात काय मेकॅनिक संपले?" आईने एकदा विचारलं.

"इथले लोक नवीन गाड्यांवाले. याला हात लावायला घाबरतात."

"आणि तो हसूराम हात लावतो, तर ती थांबत का नाही?"

"वय झालंय गाडीचं," अण्णा म्हणाले, आणि वहीत काहीतरी चितारायला लागले.

आईला तेलाचं काही पडलेलं नव्हतं. तिच्या मनात आणखी दोन गोष्टी होत्या. त्या तिने मला एका दुपारी तांदूळ निवडताना सांगितल्या. पहिली मासळीची. अण्णा येताना खाडीची मासळी आणायचे, कधी बोयटं, कधी चिंबोऱ्या, कधी जिताड्याचा तुकडा. ती मासळी साफ केलेली असायची. खवलं काढलेली, पोट धुतलेली, वर मीठहळद चोळलेली. "बाजारातली कोळीण कापून देते," आई म्हणाली, "फार तर खवलं काढते. हळद लावून देणारी मी अजून बघितली नाही. ही घरात बसून, वेळ काढून साफ केलीय कुणीतरी." दुसरी गोष्ट सांगताना तिने तांदळाचं सूप खाली ठेवलं. "जाताना केस कोरडे असतात. येतात तेव्हा तेल चोपडलेलं असतं. खोबरेल. भांगसुद्धा वेगळा. आपला माणूस डावीकडे भांग पाडतो, रविवारी मधे असतो."

मी सतरा वर्षांची होते. दुसरीच्या नवऱ्याच्या डोक्याला तेल लावणारी बाई म्हणजे काय हे मला सांगावं लागलं नाही. मला एकदम अण्णांचा राग आला, आणि त्याहून जास्त, ती मासळी आम्ही मिटक्या मारून खाल्ली याचा आला.

"तू जा त्यांच्याबरोबर," आई म्हणाली. "गाडीचं बघायला आवडतं म्हण."

मी पुढच्या रविवारी मागे बसून गेले. अण्णांनी आढेवेढे घेतले, ऊन आहे म्हणाले, धूळ आहे म्हणाले, पण तात्यांची सुपारी कुटायची थांबली तसे म्हणाले, "बरं, बस." त्या वेळी तो रस्ता म्हणजे दोन्हीकडे भातशेतीची कापलेली धसकटं, मधे मिठागरांचे पांढरे ढीग आणि खाडीचा कुबट वास. आता तिकडे विमानं उतरतात. परवा माझ्या नातवाने मला गाडीतून तिथून नेलं, तर मला एकही वळण ओळखता आलं नाही.

हसूरामची शेड रस्त्याला लागूनच होती, वर माडाच्या झापांचं छप्पर. तो पन्नाशीच्या आतला, काळा, रुंद, आणि हाताची नखं कायम तेलाने भरलेली. अण्णांना बघून तो हसला, मला बघून हसू आवरलं. तेवढं माझ्या डोळ्यांनी टिपलं.

"ही माझी मुलगी, कुंदा," अण्णा म्हणाले. "तुझं काम बघायला आलीय."

"बस गो पोरी," त्याने एक डबा पालथा घातला. "आज बी टपकते का मास्तर?"

"टपकते."

"मंग खोलतू."

अण्णा म्हणाले, "मी जरा पाय मोकळे करून येतो," आणि खाडीच्या बाजूला चालू लागले. मी उठायला गेले तर हसूरामने माझ्या हातात पाना दिला. "धर हा. नट सांडला तं शोदत बसाया लागंल." मला शेडमध्ये अडकवून ठेवायचं त्याला सांगितलेलं होतं, हे मला तेव्हाच समजलं. पण हातात पाना होता आणि समोर ते झाकण उघडत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात गोडी वाटायला लागली. त्याने गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली, ब्रेकच्या पायपट्टीवर दगड ठेवला, म्हणजे दांडा फिरत नाही. मग नटाखालची वाकवलेली पत्र्याची चकती छिन्नीने सरळ केली, पान्याला लांब पाइप अडकवून नट सोडवला. स्पॉकेट निघालं. त्याच्यामागे दांड्यावर बोटभर लांबीचं गुळगुळीत लोखंडी कडं होतं, त्याला तो कॉलर म्हणाला. आणि त्या कॉलरला मिठी मारून बसलेलं रबरी ऑइल सील. सील फिरत नाही, कॉलर फिरते, आणि सीलच्या ओठाने आतलं तेल आत राहतं. त्याने जुनं सील उपटलं, नवं ठोकलं, कॉलर पुसली, तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, क्षणभर थांबला, आणि होती तशीच परत बसवली.

अण्णा सव्वा तासाने आले. केसांना तेल होतं.

घरी आईने मला मोरीजवळ गाठलं. "कुठल्या बाजूला गेले?" "खाडीकडे." "घर दिसलं?" "शेडच्या मागे माडांची रांग आहे, तिच्यापलीकडे काही दिसत नाही." "बाई दिसली कोणी?" "नाही." आईने मान हलवली, जणू न दिसणं हाच पुरावा. सोमवारी फरशीवर डाग होता, आधीच्यापेक्षा थोडा लहान.

तिसऱ्या रविवारी कॉलर मी हातात घेतली. हसूराम सील शोधत होता तोवर मी त्याच्यासारखंच नख फिरवलं. मधोमध बारीक खाच लागली, गोल, सगळीकडून सारखी. इतक्या वर्षांत सीलच्या ओठाने लोखंड झिजवलं होतं. गणितात नापास झाले तरी एवढं मला कळलं, की सील कितीही नवं घातलं तरी ते त्या खाचेवरच बसणार आणि तेल खाचेतून येणार.

"हसूदादा, ही खाच आहे ना, तिच्यामुळे गळतं."

त्याने माझ्या हातातून कॉलर काढून घेतली. "ती असतेच."

"मग कॉलर बदलत का नाही? नाहीतर उलटी घाला. दुसऱ्या टोकाला खाच नाही. सील कोऱ्या जागी बसेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लय शानी हायेस. तुजे बापसाला नको सांगू हां मना शिकवलंस म्हनून," आणि हसला, आणि कॉलर पुन्हा होती तशीच बसवली. माझ्यासमोर.

त्या दिवशी माझी खात्री झाली. या माणसाला गळती थांबवायची नाही. अण्णांना रविवारी यायला कारण पाहिजे आणि हा ते कारण दर आठवड्याला नवं करून देतो. मी अण्णांच्या मागे बसून परत येत होते, खोबरेलाचा वास माझ्या नाकात येत होता, आणि मला वाटत होतं की हा पुढे बसलेला माणूस कोण आहे हे मला ठाऊक नाही. घरी गेल्यावर मी त्यांचे खिसे तपासले. एक खडूचा तुकडा आणि एक आवळा निघाला. मी खिसे तपासले हे अण्णांनी पाहिलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलताना आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आई त्यांच्यावर लक्ष ठेवून, मी त्यांच्यावर, ते आम्हा दोघींवर, आणि बाजेवरून तात्या सगळ्यांवर. जेवताना ताटांचा आवाज तेवढा व्हायचा.

आईला मी सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुला येईल का ती उलटी बसवता?"

बुधवारी दुपारी अण्णा शाळेत असताना आणि तात्यांचा डोळा लागला असताना आम्ही दोघींनी फटफटी उघडली. आधी मी सगळं रॉकेलने धुतलं, कोरडं केलं, आणि आईची पावडर स्पॉकेटच्या भोवती शिंपडली, हसूरामला एकदा खडूची भुकटी टाकताना बघितलं होतं तसं. गाडी चालू केली असती तर गल्ली जमली असती, म्हणून मागचं चाक उचलून हाताने फिरवलं. पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ आली, बरोबर कॉलरच्या खालून. आईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हीच." जणू त्या बाईचं तोंड दिसलं.

नळवाल्याकडून मोठा पाना मागून आणला होता. दगड सरकत होता, म्हणून ब्रेकवर आई उभी राहिली. लुगड्याचा काष्टा खोचलेला, एक हात सीटवर, आणि सगळं वजन उजव्या पायावर. मी पाइपला लोंबकळले. नट हलेना. आई म्हणाली, "जोर लाव, रडू नको." मी रडत होते हे मला तिने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. नट सुटला तेव्हा मोठा आवाज झाला आणि पडवीतून तात्या ओरडले, "काय गं ते?"

"मसाला कुटतेय, तात्या," आईने ब्रेकवर उभ्या उभ्या सांगितलं.

आम्ही गिअरबॉक्समधलं तेल जुन्या ताटलीत काढलं, कॉलर काढली, उलटी केली, तिच्या आतल्या बाजूला, इंजिनाच्या जोडांवर लावतात ते लाल चिकट शेलॅक लावलं, कारण कॉलर आणि दांड्याच्या मधूनही थोडं तेल सरकत होतं. नवं सील मी हसूरामच्या डब्यातून रविवारीच उचलून आणलं होतं. ही चोरी होती, आणि त्या घरात तेव्हा कुणीच कुणाला खरं सांगत नव्हतं म्हणून मला तिचं काही वाटलं नाही. नट आवळला, चकती वाकवली, तेल भरलं. आईचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. तिने ते राखेने धुतले आणि चहा टाकला. माझ्या आयुष्यात आईने माझ्यासाठी एकटीसाठी चहा केला असा तो पहिला दिवस.

गुरुवारी फरशी कोरडी. शुक्रवारी कोरडी. शनिवारी अण्णा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेले. रविवारी सकाळी ते स्पॉकेटच्या झाकणाखाली बोट फिरवून बघत होते आणि आई दारात उभी होती.

"गळत नाही," अण्णा म्हणाले.

"नाही," आई म्हणाली. "कुंदाने कॉलर उलटी घातली."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर आधी जे आलं ते कौतुक होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. शाळेत एखाद्या पोराने चित्रात हात चांगला काढला की ते असेच बघायचे. मग ते कौतुक गेलं आणि माणूस एकदम थकल्यासारखा दिसला.

"आता गव्हाणला काय काम आहे तुमचं?" आईने विचारलं. आवाज हळू होता, पण पडवीतली सुपारी थांबली.

अण्णांनी पडवीकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाले, "दोघी चला."

आईने आत जाऊन चांगलं लुगडं नेसलं. मला वाटतं ती भांडायला तयार होऊन निघाली होती, आणि भांडायला जाताना माणसाने नीटनेटकं असावं असं तिचं मत होतं. तात्यांना तिने सांगितलं, "मासळी घेऊन येतो." तिघंजण त्या गाडीवर बसून गेलो, मी मधे.  आईचा हात माझ्या खांद्यावर होता, बोटं रुतत होती.

शेडमध्ये हसूराम होता. आम्हाला तिघांना बघून त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि माडांच्या दिशेने हाक मारली, "आये! मास्तर आला. घरची मानसं हायेत संगं."

माडांच्या पलीकडे मातीचं बसकं घर होतं, पुढे सारवलेलं अंगण. तिथे एक म्हातारी पाटावर बसून मासे साफ करत होती. केस पांढरे, लुगडं तिकडच्या बायकांसारखं गुडघ्यापर्यंत कसलेलं, कपाळावर गोंदण. तिने आमच्याकडे पाहिलं, हात पाण्यात बुडवले आणि उठली. अण्णा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघांची कपाळं एकसारखी होती, रुंद, आणि डावी भुवई उजवीपेक्षा वर. मी ड्रॉइंग मास्तरची मुलगी. मला सांगायला लागलं नाही.

"ही माझी आई," अण्णा म्हणाले.

आई तशीच उभी राहिली. मग तिने विचारलं ते मला अनपेक्षित होतं. "मग मी दर पितृपक्षात कुणाचं पान वाढते?"

म्हातारीच मोठ्याने बोलली. तिचा आवाज अंगणभर गेला. "माजंच वाढतंस. मास्तरने सांगलाय मना. बस गो बाय, उबी का?" आणि आई बसेना तेव्हा तीच पुन्हा पाटावर बसली आणि सगळं सांगितलं. बाविसाव्या वर्षी नवरा गेला. पनवेलच्या बंदरावर मिठाच्या होड्या घेऊन येणारा एक बिजवर होता, हसूरामचा बाप. ती त्याच्याबरोबर निघून आली. पोराला नंतर न्यायचं ठरलं होतं. "दोनदा आलू मी. तुमचे गल्लीच्या तोंडाशी. तात्यानं थितंच आडवलान. बोलला, पोराला सांगलाय तू बुडालीस म्हनून, तुजे दिवस घातलेत, आता जिती होऊन त्याचं हसं करू नको. मी परत गेलू. काय करनार?" आदल्या पावसाळ्यानंतर अण्णांची फटफटी याच रस्त्यावर बंद पडली. हसूराम दुरुस्त करत होता, म्हातारी पाणी घेऊन आली आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, कुणाचा तू. अण्णांनी नाव सांगितलं आणि तांब्या तिच्या हातातून पडला.

"मास्तरच बोलले मना," हसूराम अंगणाच्या कडेला उभा राहून म्हणाला. "म्हनाले, पुरती नीट करू नको. नीट झाली तं यायचं कसा?" मग माझ्याकडे वळून, "तुना त्या खाचेला नख लावलंस ना, तवाच मी आयेला सांगलं, आता दोन रविवार फार तं."

म्हातारी आईकडे बघत होती. "काय काय वाढतंस गो माजे पानावर?"

आईने सांगितलं.  "खीर. वडे. भोपळ्याची भाजी, गवारीची. आमसुलाची चटणी. वरणभात."

"मासली नाय?"

"नाही."

"मंग मी कशाला येतंय जेवायला?" असं म्हणून म्हातारी हसली, सगळे दात दाखवून. आणि आई, जी भांडायला आली होती, ती पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. थोड्या वेळाने तिने शेजारची कोयती ओढली आणि उरलेले मासे साफ करायला घेतले. दोघी समोरासमोर बसून कापत राहिल्या. निघताना म्हातारीने अण्णांना खाली बसवलं आणि तेलाची वाटी आणली. चाळिशीच्या माणसाच्या डोक्याला ती तेल चोळत होती, मधे भांग पाडत होती, आणि अण्णा डोळे मिटून बसले होते. मी दुसरीकडे बघितलं.

मला वाटलं होतं की आता सगळं मिटलं. पण त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आईने अण्णांना विचारलं ते मी उंबऱ्यापाशी ऐकलं.

"मला का नाही सांगितलंत?"

अण्णांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला.

"तात्यांना सांगेन असं वाटलं?"

 मग अण्णा म्हणाले, "हो." आणि घाईने पुढे म्हणाले, "तुला तात्यांनीच पसंत केलं. तू त्यांना रोज पेपर वाचून दाखवतेस. त्यांनी विचारलं तर तुला खोटं बोलता येणार नाही, असं वाटलं."

"मी तुमच्यावर बाईचा संशय घेतला," आई म्हणाली. "तो चुकला. तुम्ही माझ्यावर चहाडीचा घेतलात. अठरा वर्षं एका घरात राहून." तिने भाकरी थापायला घेतली. चार दिवस ती अण्णांशी कामापुरतं बोलली. आज मी त्या दोघांहून म्हातारी आहे, माझाही संसार होऊन गेला, आणि मला अजून ठरवता येत नाही की त्या दोन संशयांतला कुठला जास्त लागला. बाईचा संशय निदान तेल पुसावं तसा पुसता आला. दुसरा मुरला. पुढे कधीही अण्णा एखादी गोष्ट सांगताना अडखळले की आई म्हणायची, "सांगा, मी पेपरात देणार नाही," आणि ते हसण्यावारी नेत. ती हसत नसे.

पण पाचव्या दिवसानंतर ती दर रविवारी त्यांच्याबरोबर जायला लागली. फटफटी पुन्हा गळली नाही. तात्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता, तो आईने सोडवला. ती काहीच सांगत नसे. "जाऊन येतो," एवढंच. तात्यांची सुपारी थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. पितृपक्ष येईपर्यंत त्यांनी काय ओळखलं होतं, मला माहीत नाही. म्हातारी त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि अण्णांनी तिला स्वतःच्या हाताने अग्नी दिला, तोवर तात्या वारले होते. तात्या गव्हाणला कधी गेले नाहीत. ती आमच्या घरी कधी आली नाही. दोघांमध्ये दहा-बारा मैलांचा रस्ता होता आणि दोघंही आपापल्या टोकाला बसून राहिले.

आम्ही गव्हाणला जायला लागल्यावरचा पहिला पितृपक्ष मात्र मला काल झाल्यासारखा आठवतो. दर वर्षी एकाच दिवशी दोन पानं वाढली जायची, एक आजोबांचं, एक आजीचं. आईने पहाटेपासून स्वयंपाक केला. खीर झाली, वडे झाले. गवारीच्या शेंगा मी मोडल्या. सोवळ्यातले तात्या पाटावर येऊन बसले, समोर केळीचं पान ठेवलं होतं. एकच. अण्णा भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

तात्यांनी पानाकडे पाहिलं, मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे. "वहिनीचं पान कुठाय?"

आई वाढत होती. तिचा हात थांबला नाही. "त्यांना काल वाढलं, तात्या. गव्हाणला जाऊन. बोयटाचं कालवण केलं होतं. दोनदा भात घेतला त्यांनी."

अण्णा भिंतीपासून सुटून पुढे आले, जणू कुणी पडणार आहे. तात्या हलले नाहीत. त्यांचा हात पानाच्या कडेवर होता, तिथली एक शीर ते नखाने सोलत राहिले. मी मनात म्हटलं, आता हे उठणार, आता पान लाथाडणार, आता आम्हाला घराबाहेर काढणार. चुलीवर काहीतरी उतू जात होतं आणि कुणीही तिकडे गेलं नाही.

मग तात्यांनी आईकडे न बघता विचारलं, "अजून तशीच मोठ्याने बोलते?"

"हो," आई म्हणाली. "गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या तर इथपर्यंत ऐकू येईल."

तात्यांनी मान खाली घातली. मग पान थोडं पुढे ओढून घेतलं आणि म्हणाले, "तिला अडवलं त्या दिवशी मी परत गेलो होतो. गल्लीच्या तोंडाशी. ती गेली होती."